ठिबकच्या नळीतला बुळबुळीत थर : जिवाणू एकदा चिकटले की इतके चिवट का होतात?

तापीकाठचा_बागायतदार (रावेर)

रामराम मंडळी.

आमची केळीची मृगबाग (मृगात लावलेली) आता निसवणीवर आली आहे, म्हणजे घड बाहेर पडू लागलेत. १६ मिलिमीटरच्या इनलाईन (आतच ड्रीपर बसवलेल्या) नळ्या, ताशी ४ लिटरचे ड्रीपर, पाणी विहिरीचं. सुरुवातीच्या झाडांना पाणी भरपूर, पण ओळीच्या शेवटच्या टप्प्यातल्या झाडांखालची माती दुपारी कोरडी दिसू लागली. ड्रीपरखाली डबा लावून मोजलं. ४ लिटरच्या ड्रीपरने १५ मिनिटांत १ लिटर द्यायला हवं, तिथे शेवटाकडे निम्मंही मिळत नव्हतं. मग एक लॅटरल (झाडांच्या ओळीतली नळी) शेवटाकडून कापून उभी चिरली. आतून तपकिरी, शेंबडासारखा बुळबुळीत थर होता आणि नखाने खरवडला तर त्यात बारीक गाळ अडकलेला.

वाळूचा फिल्टर आणि जाळीचा फिल्टर दोन्ही ठीक आहेत, बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) नेमाने होतो. टीसीएल पावडरचं (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) पाणी सोडलं की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. कोणी म्हणतं शेवाळ आहे. पण नळी काळी, आत उजेडाचा थेंब नाही, तिथे शेवाळ कसं वाढेल?

औषधाचं प्रमाण तर मी विचारेनच. पण त्याआधी मला हे समजून घ्यायचं आहे की एवढं पाणी रोज वरून वाहत असताना हा थर भिंतीला धरून राहतोच कसा, आणि फिल्टरमधून तो सुटतो कसा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, आमच्याकडे कॅनॉलच्या पाण्यावर हाच त्रास. आम्ही दर आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडतो. एकदम सगळी उघडू नका, दाब पडतो. चार-पाच ओळींची टोकं उघडायची, पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं, मग पुढच्या. फरक पडतो, पण थर समूळ जात नाही हे खरं. कोणी जाणकार सांगेल तर मलाही ऐकायचं आहे.

सूक्ष्मदर्शी (जळगाव)

आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आणि हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा तर्क बरोबर आहे. शेवाळाला उजेड लागतो, ते विहिरीत आणि शेततळ्यात वाढतं. काळ्या नळीत जे वाढतं ते बहुतांशी जिवाणूंचं काम. आता फिल्टरचं पाहा. ठिबकसाठी वापरतात ती १२० मेशची जाळी साधारण १३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण अडवते. जिवाणू असतो १ ते २ मायक्रॉनचा. चिकणमातीचा कण तर २ मायक्रॉनपेक्षाही लहान. म्हणजे दोघेही फिल्टरमधून मोकळे जातात, आणि तसे ते ड्रीपरमधूनही मोकळे जायला हवेत, कारण ड्रीपरमधली नागमोडी वाट १ मिलिमीटरच्या आसपास असते. सुटे असते तर गेलेही असते. अडचण ते एकत्र चिकटण्याची आहे.

कोणताही पृष्ठभाग पाण्यात बुडाला की काही मिनिटांतच पाण्यातले सेंद्रिय रेणू त्यावर पातळ लेप धरतात. नवी कोरी नळीही पहिल्याच पाण्याला कोरी राहत नाही. पोहत आलेला जिवाणू या लेपाला आधी नुसता टेकतो. ही पकड कच्ची असते, तो सुटून पुन्हा पाण्यात जाऊ शकतो. पण काही टेकलेलेच राहतात, आपल्या अंगावरच्या केसासारख्या तंतूंनी आणि चिकट प्रथिनांनी भिंत धरतात, आणि इथून त्यांचं वागणं बदलतं. पोहण्याचं शेपूट बनवणं थांबतं. पेशीच्या आत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो, आणि तो जणू हुकूम देतो की आता बस्तान बसवा. मग जिवाणू आपल्याभोवती चिकट स्राव सोडू लागतात. त्यात शर्करेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनएसुद्धा असतो. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याचा बहुतेक भाग पाणीच असतं, म्हणून तो बुळबुळीत लागतो.

आपल्याकडे धाब्याच्या घराला लिंपायची माती भुसा घालून मळतात, कारण नुसती माती धरत नाही. नळीत वाहून आलेला गाळ असाच स्रावाच्या धाग्यांत मळला जातो. ड्रीपर बंद पडतो तो या मिश्रणाने.

पाण्याच्या जोराचं विचारलंत. नळीच्या मध्यभागी पाणी वेगात असतं, पण भिंतीला अगदी लागून त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो, आणि जिवाणू राहतो त्याच पातळ पट्ट्यात. शिवाय लॅटरलमध्ये प्रत्येक ड्रीपरला थोडं पाणी बाहेर पडत जातं, म्हणून शेवटाकडे वेग सगळ्यात कमी. तुमच्या शेवटच्या झाडांनाच तहान का लागली याचं उत्तर इथे आहे. गाळ तिथेच बसतो, थर तिथेच जाड होतो.

आता टीसीएलचं. क्लोरीन थरावर आला की वरच्या पेशींशी आणि स्रावाशी संयोग पावतो आणि तिथेच खर्ची पडतो. आत झिरपायच्या आधीच संपतो. वरचे मरतात, खालचे राहतात, आणि मेलेल्यांचंच त्यांना खाद्य मिळतं. तुमचं 'काही दिवस बरं, मग पुन्हा तेच' म्हणजे नेमकं हेच.

हे फार जुनं निरीक्षण आहे. हॉलंडचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने दातांवरचा पांढरा थर पाहिला आणि १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यातल्या हलत्या जिवांबद्दल कळवलं. व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरचे जीव मेले, आत मात्र व्हिनेगर पोचलं नाही, हेही त्याने नोंदवून ठेवलं. तुमच्या नळीत आणि त्याच्या दातांवर एकच गोष्ट घडली.

अमळनेरना_पोऱ्या

मना वावरमा बी हाईच शे भाऊ! सर, तुम्ही सोपं करून सांगितलं. एक शंका आहे. आम्ही जीवामृत (शेण, गूळ, बेसन वगैरे कालवून केलेलं द्रावण) फडक्याने गाळून व्हेंच्युरीतून (द्रावण ओढून नळीच्या पाण्यात मिसळणारं साधन) सोडतो. त्यातला गूळ आणि बेसन या थराला खाद्य होत असेल का? आमच्याकडे जीवामृत सोडणं सुरू केल्यापासून नळ्या जास्त चोंदतात असं वडील म्हणतात. मला ते योगायोग वाटत होतं.

सूक्ष्मदर्शी (जळगाव)

वडिलांचं निरीक्षण पक्कं आहे. विहिरीच्या पाण्यात जिवाणूंना खायला फारसं काही नसतं, म्हणून ते हळू वाढतात. २०० लिटर जीवामृतात साधारण २ किलो गूळ आणि २ किलो बेसन पडतं, म्हणजे साखर आणि प्रथिन दोन्ही तयार. शिवाय शेणातून आलेले असंख्य जिवाणू. हे मिश्रण सोडून लगेच मोटार बंद केली तर ते रात्रभर नळीत साचून राहतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या नळीत त्याला हवी तेवढी ऊब मिळते.

जीवामृत सोडायचंच असेल तर पाण्याची पाळी सुरू असताना मध्यावर सोडा. नंतर साधं पाणी इतका वेळ चालू द्या की शेवटच्या ड्रीपरमधून स्वच्छ पाणी येईल. माझ्या मते झाडाच्या बुंध्याशी डब्याने ओतणं त्याहून चांगलं, मजुरी परवडत असेल तर.

सातपुडा_नैसर्गिक (चोपडा)

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही वर्षानुवर्षं मातीत जिवाणू वाढावेत म्हणून राबतोय, आणि इथे नळीतून क्लोरीन सोडायच्या गोष्टी चालल्यात. ते पाणी शेवटी मुळाशीच जाणार ना? रायझोबियम (डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) यांवर खर्च करायचा आणि वरून ब्लीचिंग ओतायचं, हे मला पटत नाही. जिवाणू शत्रू आहेत ही समजूतच मुळात घातक आहे.

सूक्ष्मदर्शी (जळगाव)

दादा, तुमची काळजी रास्त आहे आणि शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. आधी क्लोरीनचं सांगतो. १०-२० पीपीएम (दहा लाख भागांत १०-२० भाग) क्लोरीन मातीत उतरलं की तिथल्या सेंद्रिय पदार्थाशी काही क्षणांत संयोग पावून संपतं. ज्या कारणाने ते बायोफिल्मच्या आत पोचत नाही त्याच कारणाने ते मातीतही खोल जात नाही. ड्रीपरखालच्या थोड्या भागाला झळ लागते, ती आजूबाजूच्या मातीतून भरून निघते. मात्र जैविक औषधं आणि क्लोरीन एका दिवशी नळीतून जाऊ देऊ नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या.

पण तुमच्या मुद्द्यात याहून मोठी गोष्ट आहे. नळीत नको असलेला चिकटण्याचा गुण मुळावर आपल्याला हवा असतो. स्यूडोमोनस फ्लुरोसन्स हे जे आपण केळीच्या मुळांना देतो, ते मुळावर असाच थर धरतं. आधी जागा पकडतं, आसपासचं लोह आपल्याकडे ओढून घेतं, आणि मागून येणाऱ्या रोगकारक बुरशीला ना जागा उरते ना लोह. जो आधी पोचला आणि टिकला त्याची जागा, हा नियम मुळावर, आतड्यात, दातावर सगळीकडे चालतो.

आणि हरभऱ्याच्या मुळावरची रायझोबियमची गाठ तर याच्याही पुढची पायरी. तिथे झाड स्वतः जिवाणूला बोलावतं. नत्र कमी असलेल्या मातीत हरभऱ्याची मुळं फ्लेव्होनॉईड नावाची द्रव्यं सोडतात. ती ओळखणारा जिवाणू उलट स्वतःचा एक रासायनिक निरोप सोडतो. हा निरोप जुळला तरच मुळाचा केस आकडीसारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग झाड आतल्या बाजूने एक बारीक नळी बांधत नेतं, जिवाणू त्यातून आत शिरतात आणि मुळात गाठ तयार होते. गाठीच्या आत ते हवेतल्या नत्राचं अमोनियात रूपांतर करतात, बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. अशा गाठींतले जिवाणू बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली वेगळे करून वाढवले.

फुलोऱ्याच्या सुमारास हरभऱ्याचं एक झाड मातीसकट हलक्या हाताने उपटा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला. ते प्राणवायू आवरून धरतं, कारण नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होतं. आत पांढरट किंवा हिरवट दिसलं तर गाठ असून उपयोग नाही.

निरोप जुळावा लागतो म्हणूनच हरभऱ्याच्या रायझोबियमचं पाकीट मूग-उडदाला चालत नाही. हरभऱ्याचा साथीदार वेगळा, मूग-उडीद-चवळीचा वेगळा, सोयाबीनचा आणखी वेगळा. दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणाला तरी पाकिटावर पिकाचं नाव वाचा. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी ते, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवा आणि वाळलं की लगेच पेरा.

सातपुडा_नैसर्गिक (चोपडा)

मातीतल्या सेंद्रिय पदार्थात क्लोरीन संपतं, हा मुद्दा पटला. आमच्या मातीत शेणखत भरपूर आहे, तेव्हा काळजी थोडी कमी झाली. तरीही मी आधी टोकं उघडून धुण्यावर भर देईन आणि क्लोरीन अगदी गरजेलाच वापरेन. उडदाच्या गाठी फोडून पाहायचं यंदा नक्की करतो.

सेवाव्रती (धुळे)

मी परिचारिका आहे. शेतीतलं मला फारसं कळत नाही, पण सरांनी नळीबद्दल जे लिहिलं ते वाचताना मला सारखी आमच्या वॉर्डातली लघवीची नळी दिसत होती.

कॅथेटर घातलेल्या रुग्णाच्या लघवीत दर दिवसामागे जंतू आढळण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिनाभर नळी ठेवलेल्या बहुतेक रुग्णांत ते असतातच. पक्षाघात झालेले, प्रोस्टेटचे, कमरेखालून लुळे पडलेले रुग्ण नळी घेऊन गावी जातात. काही दिवसांनी घरचे सांगत येतात की नळी चोंदली, लघवी बाजूने गळते. ती काढून पाहिली तर आत अक्षरशः चुनखडी. यामागे बऱ्याचदा प्रोटियस नावाचा जिवाणू असतो. त्याच्याकडे युरिएज हे विकर असतं. ते लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतं, लघवी अल्कधर्मी होते, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे फॉस्फेट खडे होऊन त्याच चिकट थरात जमतात. भाऊंच्या नळीत गाळ अडकतो, इथे खडे अडकतात.

नातेवाइकांना मी कळकळीने सांगते. अशा वेळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून देऊ नका. थरातले जिवाणू सुट्या जिवाणूंच्या तुलनेत शेकडो पट, कधी हजार पटीपर्यंत जास्त औषध पचवतात. आतल्या काही पेशी वाढ थांबवून निपचित पडून राहतात, आणि बरीच औषधं वाढणाऱ्या पेशीवरच काम करतात. औषध थांबलं की त्या पुन्हा उठतात, आणि दरम्यान औषधाला दाद न देणारे निवडले जातात. लघवीत नुसते जंतू दिसले पण ताप, थंडी, पोटात दुखणं नाही, तर बहुतेक वेळा औषधाची गरजही नसते. ते डॉक्टरांना ठरवू द्या. नळी वेळेवर बदला, पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका, हात धुवा. आणि मुळात नळीची गरज संपली असेल तर ती काढून टाकायला डॉक्टरांना विचारा. नळी नसेल तर थर धरायला जागाच नाही.

तापीकाठचा_बागायतदार (रावेर)

ताई, फार मोलाचं लिहिलंत. माझ्या आत्याच्या घरी हीच परिस्थिती आहे, त्यांना हे वाचून दाखवतो.

सर, पाण्याचा जोर वाढवला तर थर निघेल ना मग? मोठी मोटार लावली तर?

सूक्ष्मदर्शी (जळगाव)

काही प्रमाणात निघतो, म्हणूनच टोकं उघडून धुण्याला महत्त्व आहे. टोक उघडलं की शेवटच्या भागातही पाण्याला वेग येतो. धुताना लॅटरलच्या टोकाशी सेकंदाला निदान ३० सेंटिमीटर वेग मिळावा असा सर्वसाधारण दंडक आहे. पण मोठ्या मोटारीवर भरवसा ठेवू नका, ड्रीपर ठरावीक दाबासाठी बनवलेले असतात.

आणि निसर्गात याची एक विलक्षण बाजू आहे. लघवीच्या मार्गात बिऱ्हाड करणारा ई. कोलाय जिवाणू ज्या तंतूंनी मूत्राशयाच्या पेशींना धरतो, त्यांच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं. प्रवाहाने ताण दिला की या प्रथिनाचा आकार बदलतो आणि पकड आणखी घट्ट होते. प्रवाह संथ झाला की पकड सैल, मग तो पुढे सरकून नवी जागा शोधतो. लघवीच्या धारेला तोंड देत जगणाऱ्या जिवाला हेच लागणार.

नंदुरबारची_विद्यार्थिनी

सर, ताई, मी एम.एस्सी. करते आहे. युरिएजचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालते.

हेच विकर जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीकडे आहे. जठरात इतकं तीव्र आम्ल असतं की तिथे जिवाणू राहूच शकत नाहीत असं डॉक्टर मानत. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये रुग्णांच्या जठरातून हा जिवाणू वाढवून दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू युरियापासून अमोनिया करून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि पिळदार शरीराने अस्तराच्या चिकट थरात घुसतो.

आपल्या खान्देशात काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा रोजचा, म्हणून अल्सर झाला की सगळे तिखटाला दोष देतात. तिखटाने जळजळ वाढू शकते. पण अल्सरची मुख्य कारणं दोन : हा जिवाणू, आणि अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर वावरात राबून रात्री रिकाम्या पोटी गोळी घेणारे मी घरोघरी पाहते. त्यांनी पोटदुखी अंगावर काढू नये, तपासणी करून घ्यावी. जिवाणू सापडला तर ठरावीक दिवसांच्या औषधांनी तो जातो.

आणि मला सर्वांत आवडणारं उदाहरण. हवाईच्या किनाऱ्यावर बॉबटेल नावाचा अंगठ्याएवढा माखली-कुळातला प्राणी राहतो. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगात प्रकाश देणारा एकही जिवाणू नसतो. समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंमध्ये हजारात एकसुद्धा व्हिब्रिओ फिशेरी नसतो, तरी काही तासांत पिल्लू नेमका तोच वेचून आपल्या प्रकाश-अवयवात घेतं. रात्री हे जिवाणू पोटाच्या बाजूने मंद प्रकाश देतात, त्यामुळे खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला चांदण्यात त्याची सावली दिसत नाही. रोज पहाटे हा प्राणी जवळजवळ ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकतो आणि उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात.

हे जिवाणू पुरेसे जमल्याशिवाय प्रकाश देत नाहीत. प्रत्येक जण एक रेणू सोडत असतो, तो ठरावीक प्रमाणात साचला की सगळे एकदम उजळतात. १९७० मध्ये प्रकाशित झालेल्या या शोधातूनच क्वोरम सेन्सिंगचा, म्हणजे जिवाणू आपली संख्या ओळखून एकत्र कसे वागतात याचा, अभ्यास उभा राहिला.

यावलचा_शेतीसल्लागार

ताई, तुमच्या शेवटच्या मुद्द्याचा आमच्या केळीशी थेट संबंध आहे.

मृगबागेत कंद सडतो, झाड बुंध्यापासून मोडतं, घाण वास येतो. लोक त्याला इर्विनिया म्हणतात, शास्त्रात आता त्याचं नाव पेक्टोबॅक्टेरियम आहे. हा जिवाणू झाडाच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवतो. पण संख्या कमी असताना तो विकरं सोडत नाही, गप्प राहतो. पुरेसे जमले की सगळे एकदम सोडतात, झाडाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणूनच काल हिरवीगार दिसणारी बाग आठवड्याभरात पडू लागते. शेतकऱ्याला वाटतं रोग अचानक आला. तो कंदात आधीच होता.

म्हणून उपाय आधीचा आहे. उष्ण हवा आणि मुळाशी साचलेलं पाणी त्याला फार मानवतं. लागवडीनंतर भीतीपोटी ठिबक तासन्‌तास चालू ठेवू नका. काळ्या भारी जमिनीत गादीवाफ्यावर लावा. सडलेलं झाड कंदासकट खणून बागेबाहेर न्या, बांधावर टाकू नका. केळीची पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायचा कोयता एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा. हे कंटाळवाणं आहे, मजूर ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही यात कुचराई नको.

आणि तापीकाठच्या भाऊंना एक : शेवटच्या झाडांना पाणी कमी म्हणून पाळी लांबवत असाल तर पहिल्या झाडांच्या मुळाशी पाणी साचतं आहे. नळ्या साफ करणं हा कंदकुजीवरचाही उपाय आहे.

तापीकाठचा_बागायतदार (रावेर)

हा धागा इतका कामाचा होईल असं वाटलं नव्हतं. आता प्रमाण सांगा. विहिरीच्या पाण्याचा पीएच तपासला, ८ आहे. ताशी २० हजार लिटरची पाळी. बाग उभी आहे हे लक्षात घेऊन सांगा.

सूक्ष्मदर्शी (जळगाव)

पीएच ८ ही मोठी गोष्ट आहे. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं आणि त्यातलं हायपोक्लोरस आम्ल हे रूप जास्त जहाल. पीएच ७.५ ला ते निम्मं असतं, ८ ला पाव हिश्श्यापर्यंत उतरतं, ६.५ ला ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमचं बरंचसं क्लोरीन कमजोर रूपात जातंय.

पीएच उतरवायला आम्ल सोडता येतं, पण इथे कृपा करून नीट वाचा. आम्ल आणि क्लोरीन एका टाकीत, एका बादलीत, एका व्हेंच्युरीत कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि माणूस दगावतो. दोन वेगळ्या टाक्या, मेनलाईनवर दोन वेगळी ठिकाणं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे, चष्मा हवाच, आणि मुलं आसपास नकोत. एवढी व्यवस्था नसेल तर आम्लाच्या फंदात न पडता क्लोरीन जास्त वेळ चालवा.

तुमचं पाणी कठीण दिसतं, म्हणून टीसीएलऐवजी सोडियम हायपोक्लोराईट घ्या. टीसीएलमधल्या चुन्याने साका बसतो. २० पीपीएम म्हणजे १००० लिटरला २० ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर १००० लिटरला २०० मिली. ताशी २० हजार लिटरच्या पाळीत अर्ध्या तासाला १० हजार लिटर, म्हणजे २ लिटर द्रावण. टीसीएलच वापरायची असेल तर ३३ टक्क्यांच्या हिशेबाने १००० लिटरला ६० ग्रॅम, पण ती आधी पाण्यात कालवून निवळू द्या आणि फक्त वरची निवळी घ्या.

वाटेत थर आणि गाळ क्लोरीन खातात, म्हणून टाकीत किती घातलं यापेक्षा शेवटच्या ड्रीपरला किती पोचलं ते पाहा. ग्रामपंचायतीत पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी) करतात ती किट चालेल. शेवटच्या ड्रीपरचं पाणी पिवळं झालं म्हणजे पोचलं. तसं दिसल्यावर अर्धा ते एक तास चालू ठेवा, मग टोकं उघडून मेलेला थर बाहेर काढा. धुणं टाळलं तर तोच मेलेला थर पुढच्या पिढीचं खाद्य होईल. जाड थर एका वेळेत जात नाही, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करावं लागेल. त्या पाळीत अमोनियम असलेलं खत सोडू नका, क्लोरीन त्याच्याशी जुळून मंद होतं.

काही जण ५०० पीपीएमचा झटका सांगतील. तो पीक उभं असताना नको, मुळं भाजतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर, आमच्या नळ्यांत कधी कधी गेरूसारखा लालसर थर असतो. तो हाच का?

सूक्ष्मदर्शी (जळगाव)

ते लोहजिवाणू असावेत. पाण्यात विरघळलेल्या लोहाचं ते ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून ऊर्जा मिळवतात, गंज त्यांच्या थरात साठतो. कॅनॉलच्या नाही, बोअरच्या पाण्यात जास्त दिसतं. तुमचा बोअर मिसळतो का तपासा. अशा पाण्याला आधी उघड्या हौदात कारंज्यासारखं उडवून हवा द्या, लोह तिथेच खाली बसू द्या, आणि वरचं पाणी फिल्टरला जोडा.

तापीकाठचा_बागायतदार (रावेर)

काल पहिली पाळी केली. आम्ल वापरलं नाही. शेवटच्या ड्रीपरचं पाणी किटमध्ये पिवळं यायला बराच वेळ लागला, मग तासभर चालू ठेवलं. टोकं उघडल्यावर जे आलं ते पाहून मजूरही थांबले, तपकिरी चिंध्यांसारखे तुकडे वाहत होते. आज डबा लावून मोजलं तर शेवटाकडे पूर्वीपेक्षा बरंच जास्त पाणी आहे, अजून पुरतं लिटर होत नाही. पुन्हा करणार आहे. हायपोक्लोराईटचा कॅन उरला आहे, पुढच्या महिन्यापर्यंत चालेल का?

यावलचा_शेतीसल्लागार

आपल्या उन्हात तो झपाट्याने उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. घरात अंधारात, गार जागी ठेवा, झाकण घट्ट पण प्लास्टिकचंच. आणि खताच्या किंवा आम्लाच्या कॅनशेजारी नको. पुढच्या वेळी १० टक्के धरून हिशेब करू नका, किटने शेवटच्या ड्रीपरला तपासा आणि कमी आलं तर त्या मानाने वाढवा.